काचवाल्याची व्हॅन आणि दोन सुतांची खोड

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. पण जुनी म्हणून चढावर मला मागे टाकायचा बेत असेल, तर जरा जपून. गेल्याच आठवड्यात एका चकचकीत गाडीवाल्याने तो प्रयत्न केला. बिचारा अजून आरशात दिसतोय.

माझ्याकडे बघून कुणाला हे खरं वाटत नाही. वाटोळे दिवे, बसकं नाक, उडालेला पिवळा रंग आणि बगलेला काचा उभ्या बांधायची लाकडी चौकट. माझ्या जातीच्या गाड्यांचं इंजिन नाकात नसतं. ते ड्रायव्हर आणि शेजारचा यांच्या मधोमध, पत्र्याच्या पेटीखाली बसतं. थंडीत शेकोटी, उन्हाळ्यात शिक्षा!

कारखान्यातून निघाले आणि थेट एका काचवाल्याच्या हाती पडले. खिडकीचं माप घ्यायचं, काच कापायची, माझ्यावर बांधायची, जाऊन बसवायची, हा त्याचा धंदा. तीस वर्षं आम्ही दोघांनी तो केला. शाळेच्या खिडक्या, दवाखान्याची दारं, न्हाव्याचे आरसे, सगळं माझ्या अंगावरून गेलंय. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत अभ्यास चुकवता ना, त्यात माझाही थोडा हात आहे.

काचवाल्याची एक सवय होती. चहाचा कप तो इंजिनाच्या पेटीवर ठेवायचा. पेटी कायम तापलेली, त्यामुळे दुकानातून घेतलेला चहा गावाच्या दुसऱ्या टोकालासुद्धा गरमच. त्या जागेवरचा रंग जळून एक गोल डाग पडला होता. तो डाग म्हणजे माझ्या कपाळावरचं पदकच, असं मी समजत असे.

पण माझं वय झालं. चढ आला की मला धाप लागायची. मागची वाहनं हॉर्न वाजवून वाजवून थकायची आणि सायकलवाले पुढे जाताना हात करायचे. एकदा तर भरल्या काचांसकट मी चढावर मध्येच बसले. तपासणीच्या साहेबांनी कागदावर लाल शेरा मारला : दोन महिन्यांत सुधारणा करा, नाहीतर रस्त्यावर आणू नका. भंगारवाला दुसऱ्याच दिवशी येऊन माझ्या टायरला लाथ मारून गेला. मी त्याच्या पायजम्यावर तेल गळवलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

तेव्हा पुढे आली काचवाल्याची मुलगी. शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करायच्या गॅरेजमध्ये ती काम करते. सगळी गल्ली तिला इंजिनबाई म्हणते. आधी चिडवायला म्हणायचे, आता मान देऊन म्हणतात.

"बाबा, हिला भंगारात नाही द्यायची. मी हिला नवं इंजिन बसवते."

"कुठलं?"

"एका शर्यतीच्या गाडीचं. मागून ठोकली, मागचा भाग पार चपटा झाला. इंजिनाला ओरखडासुद्धा नाही. मालकाने मला देऊन टाकलं."

"अगं, आजीबाईला उड्या मारायला लावतेस का?"

"आजीबाईला विचारलंत का, तिला काय हवंय?"

मला विचारलं असतं तर मी दोन्ही दरवाजे उघडून हो म्हटलं असतं.

काचवाल्याने शेवटी अट घातली. "तपासणी वरच्या टेकडीवर आहे. त्या दिवशी मी हिच्यावर पूर्ण काचा लादून चढ चढणार. एक जरी काच तडकली, तर परतताना सरळ भंगारवाल्याकडे. कबूल?"

"कबूल," इंजिनबाई म्हणाली. पण म्हणताना तिने माझ्या दाराच्या कडीला घट्ट धरलं होतं. ते मलाच कळलं.

मग काय कामं झाली, मित्रांनो! परवानगीचे कागद तिने आधी आणले. नुसता जोर वाढवून भागत नाही, थांबताही आलं पाहिजे, म्हणून पहिल्यांदा नवे ब्रेक बसवले. मग मागचा मजबूत अॅक्सल, मग मोठा रेडिएटर. मी ओळीने सगळं सोसलं. बया एक नट घट्ट करताना अशी कान देऊन ऐकायची, जणू तो नट तिला काहीतरी सांगतोय. असे हात मी तीस वर्षांत दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत.

नवं इंजिन अजून तिच्या कामाच्या गॅरेजमध्ये उघडून ठेवलेलं होतं. ते येईपर्यंत जागा तयार व्हावी, म्हणून तिने सगळी मापं कागदावर लिहून बापाला दिली. "बाबा, या मापाचं एक लाकडी इंजिन करून द्या. ते आत ठेवून आपण आधार वेल्डिंग करून घेऊ."

बापाने प्लायवूड कापून एक देखणं लाकडी इंजिन केलं. कडा घासून, कोपरे गोल करून. गल्लीतला वेल्डर, ज्याला सगळे ठिणगी म्हणतात, तो ते बघून म्हणाला, "काका, याला पेट्रोल घातलं तर हेच चालेल!" ते माझ्या पोटात अलगद बसलं. त्याच्या भोवती ठिणगीने आधार जोडले, पेटी जोडली. सगळे खूश.

तपासणीला आठ दिवस उरले आणि खरं इंजिन आलं. साखळीला लटकलेलं, चकाकणारं. खाली आलं, आणखी खाली आलं, आणि अडकलं. दोन्ही बाजूंनी. थोडंसंच, पण लोखंड काही पोट आत घेत नाही.

"मोजायला चुकलीस तू," काचवाला म्हणाला.

 इंजिनबाईने कागद पाहिला, इंजिन मोजलं, पुन्हा मोजलं. मग पाना खाली ठेवून पायरीवर जाऊन बसली. कधी न चुकणारी मुलगी स्वतःच्याच हाताकडे परक्यासारखी बघत होती. मला हॉर्न वाजवून सांगावंसं वाटत होतं, की बाई, तू नाही चुकलीस! पण बॅटरी काढून ठेवलेली.

काचवाला कोपऱ्यातल्या लाकडी इंजिनापाशी गेला. टेप लावली. कागद बघितला. परत टेप लावली. आणि कान पकडून उभा राहिला.

"अगं ए इंजिनबाई."

"काय?"

"माप तुझं बरोबर आहे. मी दोन्ही बाजूंनी दोन दोन सूत कमी कापलंय."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मित्रांनो. जेमतेम दोन नाण्यांची जाडी.

"कमी? का?"

"काच कायम चौकटीपेक्षा दोन सूत कमीच कापायची असते. नाहीतर बसत नाही, तडकते. आयुष्य गेलं त्यात. हाताने आपोआप कमी केलं गं. डोक्याला विचारलंच नाही."

 इंजिनबाई अशी हसत सुटली की पायरीवरून घसरून जमिनीवरच बसली. "बाबा, तुम्ही इंजिनाची काच केलीत!"

"हस, हस. आता सांग, काय कापू? आणि या वेळी दोन सूत जास्त ठेवतो."

"चार ठेवा. याला हवा खेळायला जागा लागते. पण मग तुमची सीट दाराकडे सरकेल."

"सरकू दे. कोपर बाहेर काढून साहेबासारखा बसेन."

ठिणगीने आधार सोडवून पुन्हा जोडले. काचवाल्याने नवी पेटी स्वतः केली. जुनी, डाग पडलेली पेटी मात्र निघाली. मला वाईट वाटलं. 

तपासणीचा दिवस आला. माझ्यावर बारा मोठ्या काचा बांधल्या. काचवाला स्टिअरिंगवर, लेक शेजारी, पेटीवर चहाचा कप. चढ सुरू झाला आणि काचवाल्याने तीस वर्षांच्या सवयीने अॅक्सिलरेटरवरचा पाय तळाला टेकवला.

मी डोळे मिटले. एवढ्या ताकदीला असं डिवचल्यावर मी टेकडीवर उडी मारणार आणि बारा काचा रस्त्यावर सांडणार!

पण मी नुसती सरकले. लोण्यातून सुरी जावी तशी. जोर वाढत होता, पण हळूहळू, एकसारखा. काचा गप्प. एक ट्रक मागे पडला, मग दुसरा.

"अगं, याला ताकद आहे ना? की फसवलंस?"

इंजिनबाईने पुढच्या एका छोट्या बटणाकडे बोट केलं. त्यावर चिकटपट्टी होती आणि तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं : काच. "हे दाबलेलं असलं की पाय कितीही दाबा, इंजिन घाई करत नाही. बाबा, तुमचा पाय मला माहीत आहे. तीस वर्षं तो तळालाच टेकलाय."

 काचवाल्याने पाय किंचित उचलला.

वर साहेबांनी ब्रेक बघितले, धूर बघितला, कागद बघितले, आणि मान वर न करता हिरवा शिक्का मारला. बारापैकी बारा काचा शाबूत. मी एक हॉर्न मारला. कुणी दाबला नव्हता, पण सगळ्यांनी एकमेकांकडे बघून घेतलं.

काचवाल्याने कप उचलला. थेंबही सांडला नव्हता. घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गार!"

"नवी पेटी तापत नाही, बाबा. आतून उष्णता अडवणारं अस्तर आहे."

"मग काय उपयोग?" तो पुटपुटला, आणि उरलेला गार चहा शेवटपर्यंत प्यायला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात होता, तेव्हा इंजिनबाईने इंजिनाच्या गरम पाण्याची एक बारीक नळी वळवून पेटीखाली आणली. वर जुन्या पेटीतून कापून काढलेली पत्र्याची गोल चकती बसवली. होय, तीच, डागाची. बरोब्बर त्याच्या हाताखाली.

आता लाकडी इंजिन दुकानात गिऱ्हाइकांना बसायला आहे, आणि मी रोज टेकडी चढते.

मित्रांनो, एवढंच सांगते. तुमच्या घरात कुणी धापा टाकत असेल, गाडी असो, पंखा असो, नाहीतर माणूस, तर त्याला भंगारात काढायच्या आधी एकदा झाकण उघडून बघा. जमलं तर नवी ताकद द्या. आणि काहीही बदला, पण त्याच्या कपाची जागा गरम ठेवा.