उन्मळलेल्या स्प्रूसखालची माती

मित्रांनो, शेतातली काळी, मऊ माती तुमच्या ओळखीची असेल. मी तशी नाही. माझ्यात कुदळ घातली की ठणकन आवाज येतो आणि घालणाऱ्याचे हात कोपरापर्यंत झिणझिणतात. माझे निम्मे अंग दगडांचेच आहे. मध्य आशियातल्या तिएन शान पर्वताच्या उतारावर, स्प्रूसच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या उंच झाडांच्या, दाट जंगलात मी पडून आहे. माझी गोष्ट सांगायची तर ती अडकण्याचीच सांगावी लागेल, कारण जन्मापासून मी कशा ना कशात अडकलेलीच आहे.

मी मुळात वरच्या कड्यांचा खडक होते. हिमनदीने मला तिथून खरवडून काढले आणि पोटात घातले. तिथे उजेड नव्हता, वारा नव्हता. होती ती फक्त घासाघीस. दगडांवर दगड रगडले जात. त्यांच्यावर पडलेले सरळ ओरखडे आजही बघायला मिळतील. रगडताना जे पीठ पडले ते राखाडी, मैद्याहून बारीक. वाहते पाणी दगडांची निवड करते, गोटे इथे ठेवते आणि वाळू तिथे. बर्फाला निवडणे ठाऊकच नाही. घोड्याएवढा धोंडा, मुठीएवढा गोटा, खडी आणि ते पीठ, सगळे त्याने एकात एक कोंबले.

माझा जो भाग बर्फाच्या तळाशी आला, त्याच्यावरून ती अख्खी हिमनदी चालत राहिली. दबून दबून तो भाग इतका घट्ट झाला की त्याच्यात सुईला वाट मिळेना. पुढे हवा उबदार झाली, बर्फ मागे हटला आणि जाता जाता उरलेसुरले दगडगोटे माझ्यावर सैल ओतून गेला. त्यामुळे मी दोन स्वभावांची झाले, वर सैल आणि खाली घट्ट. एवढे लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडले ते यातूनच घडले.

मग वाऱ्याने धूळ आणून टाकली. शेवाळ आले, गवत आले, शेवटी स्प्रूस आले. त्यांच्या सुया माझ्यावर पडून कुजल्या आणि तळहाताच्या रुंदीएवढा जाड काळसर थर तयार झाला. माझ्याजवळ श्रीमंती म्हणावी तर तेवढीच. पाऊस पडला की वरची मी ते पाणी घटाघटा पिते. खालची मी मात्र थेंबभरही घेत नाही. मग पाणी दोन्हींच्या मधून, अंधारातून उताराने सरकत जाते आणि गावाच्या डोक्यावर झरा होऊन बाहेर पडते. ऐन उन्हाळ्यातही तो झरा आटत नाही, म्हणून गावातली माणसे जंगलाचे गुण गातात. माझे नाव कोणी घेत नाही. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही.

वाईट वाटते ते मुळांचे. स्प्रूसची मुळे मोठ्या आशेने खाली येतात, घट्ट थराला नाक लावतात आणि मुकाट आडवी वळतात. त्यांना वाट द्यावी असे मला फार वाटते, पण माझी मूठ मलाच उघडता येत नाही. त्यामुळे एवढी उंच झाडे एका पसरट ताटासारख्या मुळांवर उभी राहतात. मोठे वादळ आले की त्यातले एखादे उन्मळून पडते. खोड उतारावर आडवे होते आणि मुळांचे ताट माझ्या दगडांसकट भिंतीसारखे उभे राहते. त्याच्यामागे खड्डा पडतो आणि खड्ड्याच्या तळाशी माझा घट्ट थर उघडा होतो.

गावातल्या बायका अशा खड्ड्यांवर लक्ष ठेवून असतात. उघड्या पडलेल्या थरावर पाणी साचले की त्याची वरची साय लोण्यासारखी मऊ होते. तेच हिमनदीने दळलेले पीठ. हिवाळाभर तापून चुलीला भेगा पडल्या की त्या लिंपायला याच्यासारखी दुसरी माती नाही.

त्या वर्षी वरच्या कड्यांवरचा बर्फ वितळत असताना एक जुना स्प्रूस असाच पडला. काही दिवसांनी तेमिरकुलची धाकटी सून बुरुल बादली घेऊन खड्ड्यात उतरली. हिवाळ्यातच ती लग्न होऊन या घरात आली होती. नवरा मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर गेलेला. इथल्या रिवाजाप्रमाणे सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही आणि उघड्या डोक्याने तर यायचेच नाही. बुरुल हे सगळे काटेकोरपणे पाळत असे. माती खरवडताना मात्र ती एकटी होती, म्हणून गाणे गुणगुणत होती. बादली भरली. आणखी थोडी न्यावी, चुलीबरोबर ओटाही होईल, असा विचार करून तिने डोक्याचा रुमाल सोडला, त्यात ओल्या मातीचे गोळे घातले आणि गाठ मारली.

तेवढ्यात मुळांच्या भिंतीपलीकडून आवाज आले. सासरा तेमिरकुल आणि शेजारचा शार्शेन घोडा, यांत्रिक करवत, पहार-फावडे घेऊन पडलेले झाड कापायला आले होते. उभ्या झाडाला इथे हात लावायचा नसतो, पण पडलेले झाड वनरक्षकाला विचारून नेता येते.

"शार्शेन, आज तुझी करवत चालू होणार आहे की मी दातांनी कापू?" तेमिरकुल म्हणाला.

"दात उरलेत का काका तुमच्याकडे? काल तर भाकरी चहात बुडवून चोखत होतात."

"तुझी भाकरी होती ती. तिला करवतच लागली असती."

बुरुलने दचकून डोक्याला हात लावला. मग रुमालाची गाठ सोडायला घेतली, पण भिजलेली गाठ सुटेना. केस मोकळे, हात कोपरापर्यंत चिखलात आणि पलीकडे सासरा! ती अंग चोरून खड्ड्याच्या कडेला, मुळांच्या भिंतीखाली बसली. तिने ठरवले की खोड कापून घेऊन जातील, मग आपण हळूच निघू. बिचारीला वाटले, झाड पडले ते पडले, आता त्यातले काही हलणार नाही.

मला ठाऊक होते. मुळांचे ते ताट केवळ खोडाच्या वजनाने उभे होते. वजन गेले की ते परत जागेवर बसणार. मी ते ताटही होते आणि त्याखालचा खड्डाही. सगळे कळत होते आणि एक खडासुद्धा मला आपणहून हलवता येत नव्हता.

करवत घरघरली. खोड तुटले. ताट क्षणभर थरथरले आणि धाडकन खड्ड्यावर मिटले.

त्या धक्क्याने मुळांच्या कवेतला एक धोंडा निसटून खड्ड्याच्या कडेवर पडला आणि ताट त्याच्यावर टेकले. म्हणून बुरुल चिरडली नाही. आडवे पडता येईल एवढीच पोकळी तिच्यासाठी उरली. तिचा पाय एका मुळाखाली सापडला. अंधार इतका की डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही तिला कळेना.

"बघा काका, जंगलानं स्वतःच दार लावून घेतलं," वर शार्शेन म्हणाला.

"चांगलं झालं. जनावर पडायला नको त्यात कुठलं."

बुरुलने हाक मारली, पण कशी? घरात चहा देताना बोलायची तशी, दबक्या आवाजात. "मामंजी..." माझ्या दगडांमधल्या फटींतून तिला हवा मिळत होती, पण तेवढा आवाज वर पोचेना. वर पुन्हा करवत सुरू झाली. खोडाचे तुकडे होऊ लागले.

आणि आता पाणी येऊ लागले. वितळलेल्या बर्फाचे पाणी नेहमीच्या वाटेने, घट्ट थरावरून सरकत खड्ड्यात उतरत होते. ताट मिटताना उताराकडची फट चिखलाने बुजली होती, त्यामुळे ते बाहेर जाईना. आधी तिच्या पाठीखाली ओल आली, मग गारवा कमरेपर्यंत चढला. मित्रांनो, ज्या गुणामुळे गावाला बारा महिने पाणी मिळते, तोच गुण तिला बुडवायला निघाला होता. मी खाली फटभर जरी सैल असते, तरी ते पाणी गिळून टाकले असते. त्या दिवसाइतकी मी स्वतःत कधीच अडकले नव्हते.

पाणी कानाला लागले तेव्हा बुरुलने रिवाज बाजूला ठेवला. छातीत होती तेवढी हवा घेऊन ती किंचाळली, "मामंजी!"

शार्शेन करवत बंद करून तिच्यात तेल भरायला थांबला होता. त्याने मान वर केली.

"काका, जमिनीनं तुम्हाला मामंजी म्हटलं."

"चावटपणा पुरे."

"आईशप्पथ काका. खालून आला आवाज."

पुन्हा हाक आली. तेमिरकुल वळला. मिटलेल्या ताटाच्या कडेखालून एका बादलीचा चेपलेला काठ बाहेर डोकावत होता. ती बादली त्याच्याच घरातली होती. तो गुडघ्यांवर कोसळला आणि तोंड जमिनीला लावून ओरडला, "सूनबाई! जिवंत आहेस ना?"

"आहे मामंजी. पाणी चढतंय."

"घोडा बांधू बुंध्याला," तेमिरकुल धडपडत उठला. "ओढून उभं करू."

शार्शेनची थट्टा कुठल्या कुठे गेली होती. त्याने म्हाताऱ्याचा दंड धरला. "आणि दोर तुटला तर? परत तिच्याच अंगावर बसेल. खालच्या बाजूनं उकरू. आधी पाणी तरी काढू."

ते उताराच्या बाजूला धावले. शार्शेनने फावडे मारले, ते दगडावर आपटून उडाले. मग दोघे हातांनी गोटे उपसू लागले. एक काढला की वरून दोन घरंगळत. वरची मी सैल, मला स्वतःला धरून ठेवता येत नाही.

"आणखी खालून घे!" तेमिरकुल ओरडला. पण खाली पहार मारली तर तीही टणकन परत आली.

दोघेही क्षणभर थांबले, धापा टाकत. मग शार्शेन म्हणाला, "काका, खालचा तो कडक भाग राहू द्या. तीच जमीन धरून आडवं जाऊ. वरून ढासळतंय त्याला ओंडक्यांचा टेकू लावू."

आताच कापलेल्या झाडाचे ओंडके त्यांनी दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर ठोकून बसवले आणि माझ्या घट्ट थरावर पोट टेकून ते पुढे सरकू लागले. जो थर पाणी सोडत नव्हता, तो त्यांच्या अंगाखाली तसूभरही खचला नाही. तेमिरकुलची बोटे सोलवटली. तो सारखा बोलत होता, "बोलत राहा सूनबाई. काहीही बोल. माझ्या चहात मीठ कमी घालतेस त्याबद्दल बोल." इथे चहात साखरेऐवजी मीठ घालतात.

"तुमच्या... रक्तदाबासाठी... घालते मामंजी."

"ऐकलंस शार्शेन? मला वाटायचं विसरते."

शेवटचा गोटा निघाला आणि गढूळ पाण्याचा लोट दोघांच्या तोंडावर आला. त्या पाण्यामागून एक राखाडी हात दिसला. शार्शेनने पहार सरकवून मूळ उचलून धरले, बुरुलने पाय सोडवून घेतला. आता फक्त बाहेर सरपटायचे होते. पण ती येईना.

"काय झालं? लागलंय का कुठं?" तेमिरकुलने विचारले.

आतून बारीक आवाज आला. "मामंजी, माझ्या डोक्यावर काही नाही."

तेमिरकुलला सगळे एकदम उमजले. ती तिथे का लपली, गप्प का बसली, हाक इतक्या उशिरा का आली. पाण्याने भिजलेल्या चेहऱ्यावरून त्याने हात फिरवला. मग डोक्यावरची पांढऱ्या नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, उंच टोपी काढली. इथला पुरुष आपली टोपी दुसऱ्याला देत नाही, जमिनीवरही ठेवत नाही.

"काका, टोपी...?" शार्शेन पुटपुटला.

"तू तोंड तिकडे कर." स्वतः मान फिरवून त्याने टोपी भोकातून आत सरकवली. "घाल ही, आणि ये बाहेर, पोरी."

बुरुल बाहेर आली ती नखशिखांत राखाडी, सासऱ्याची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. लंगडत दोन पावले टाकून ती खाली बसली आणि थरथरू लागली. तेमिरकुलने आपला कोट तिच्या अंगावर टाकला आणि उघड्या डोक्याने तिच्यासमोर उकिडवा बसला.

"एवढा मोठा आवाज आहे तुला," तो म्हणाला. "आधी का नाही ओरडलीस?"

"तुमच्यासमोर मोठ्यानं बोलायचं नसतं ना."

म्हाताऱ्याने कोटाची कड तिच्या गळ्याशी नीट ओढून घेतली. मग म्हणाला, "यापुढं माझ्या घरात ओरडूनच बोल. चहा झाला म्हणून सांगायचं असलं तरी ओरड."

"शेजारी आम्ही राहतो हो काका," शार्शेन म्हणाला, आणि तिघांनाही हसू आले. हसता हसता बुरुल रडू लागली.

मित्रांनो, ते ताट आजही त्या धोंड्यावर तिरपे टेकून आहे आणि मी त्याच्या वर आणि खाली, होते तशीच आहे. माझा स्वभाव बदलणार नाही. तो बर्फाने घडवला आहे. माझ्यावरचा काळसर थर खरवडू नका, तो पुन्हा जमायला शतके लागतात. आणि उन्मळलेल्या झाडाच्या मुळांखाली कधी बसू नका, कितीही आडोसा वाटला तरी.

गावाने आपली पद्धत मात्र बदलली आहे. आता झाड कापायला आलेला माणूस आधी वळसा घालून खड्ड्याकडे येतो, मुळांच्या ताटाखाली ओंडक्याचा टेकू लावतो आणि मोठ्याने हाक मारतो. तुम्हीही मारा. पण हाक मारून लगेच करवत सुरू करू नका. थोडे थांबा. माझ्या पोटातून येणारा आवाज बारीक असतो, आणि आत अडकलेल्या माणसाला ओरडण्याचा धीर गोळा करायला वेळ लागतो.