माझ्याकडे तर चालतं

"काका, एकदा, फक्त एकदा तुमच्या मशीनबाहेर बांधून दाखवा," वकील पडद्यावरच्या आपल्या चौकोनातून म्हणाला. "मग मी जन्मात तोंड उघडणार नाही."

"तू तोंड बंद ठेवणार? मग तर बांधतोच," गवंडी म्हणाला. बाकीच्या चौकोनांत हशा पिकला.

तो स्वतः मात्र हसला नाही. पाठीमागच्या खाटेवर बायको कण्हली, तसा त्याने मान वळवून बघितले. उशी घसरली होती. "एक मिनिट हं," असे म्हणून तो उठला, तिचे डोके उचलून उशी नीट लावली आणि परत खुर्चीत येऊन बसला. चौकोनातली माणसे तोवर थांबली. त्यांना आता याची सवय झाली होती.

हा वकील काही खरा वकील नव्हता. मुद्दा हाती लागला की त्याचा कीस पाडल्याशिवाय तो सोडत नसे, म्हणून ते नाव पडलेले. आणि गवंड्यानेही आयुष्यात कधी वीट रचली नव्हती. देशोदेशीची माणसे आपापली नोकरी-धंदा सांभाळून, नकाशे काढणारा एक अवाढव्य प्रोग्राम मिळून लिहीत होती. कुणीही वापरावा, कुणीही उघडून बघावा, कुणीही दुरुस्त करावा असा. पुरात होड्या कुठे धाडायच्या हे ठरवणारी माणसे तो वापरत, वणवा विझवणारी वापरत. पण एवढ्या हातांनी लिहिलेले तुकडे म्हणजे अंगणात ओतलेला विटा-वाळूचा ढीग. कोणता तुकडा आधी, कोणता मागून, कशाला काय जोडायचे हे ठरवून त्या ढिगाचे राहते घर करायचे, हे बांधणीचे काम. ती बांधणीची रीत गवंड्याने लिहिली होती, दाढी काळी होती तेव्हा. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्याच घरच्या मशीनवर बांधणी होई आणि तयार प्रोग्राम तिथूनच जगभर जाई.

आता ही रीत बदलायची टूम निघाली होती. दोन नव्या रीती पुढे आल्या होत्या. एकीला सगळे 'हत्ती' म्हणत. ती एका बड्या कंपनीच्या दारात वाढलेली, ताकदीची, पण तिला पोसायचे तर अख्खे घर तिच्या मापाने पाडून बांधावे लागे. दुसरी 'खार'. लहानखुरी, चपळ, आणि आपली अवजारे आपल्याबरोबर घेऊन फिरणारी.

"हत्ती नको, यावर सगळ्यांचं एकमत आहे," मास्तरीण म्हणाली. सगळ्या प्रोजेक्टची घडी तीच बसवायची, आणि कुणी मध्येच बोलले की वर्गात टिचकी वाजवावी तशी पेनाची टिचकी वाजवायची. "राहिली खार आणि राहिली काकांची जुनी रीत. काका, शुक्रवारपर्यंत मुदत आहे. आपला नियम तुम्हाला माहीत आहे."

नियम त्यानेच कधीकाळी घालून दिला होता. प्रोजेक्टात मतदान नसे. ठराव मांडायचा आणि थांबायचे. गप्प बसला तो राजी, असे धरायचे. पण प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या जुन्या राखणदारांपैकी एकानेही आक्षेप घेतला की गाडी जागच्या जागी थांबे. गवंड्याने याआधीही नव्या रीती अशाच एका शब्दात परत पाठवल्या होत्या.

"शुक्रवार कशाला हवा? माझा आक्षेप आजच लिहून घे," तो म्हणाला.

"कारण?"

"चालतंय ते मोडायचं कशाला?"

"कुणाकडे चालतंय काका?" वकिलाने परत तोंड घातले. "ती डोंगरातली सर्व्हेवाली बाई आठवते? तिच्याकडे जमिनीची उंची चुकत होती. तीनतीनदा लिहिलं तिनं."

"तिचं मशीन भंगार होतं. मी इथं तपासलं होतं. माझ्याकडे तर बरोबर येत होतं."

"हेच म्हणतोय मी. तुमच्याकडे येतं."

मास्तरणीने टिचकी वाजवली. "पुरे. काका, तुम्हाला एक कोरं मशीन देते. त्यावर काही म्हणजे काहीच नसेल. खारही त्यावर बांधा, तुमचीही बांधा. मग शुक्रवारी आक्षेप घ्या, मी एक शब्द विचारणार नाही."

"दे," गवंडी म्हणाला. "होऊन जाऊ दे दूध का दूध."

बैठक संपली. खोलीत मशीनचा आवाज तेवढा राहिला. टेबलाखाली ठेवलेले ते धूड चालू असले की घूं घूं करी आणि बांधणीच्या वेळी तर खिडकीची काच हलके थरथरे.

"सवत आज फार तापलीय," बायको खाटेवरून म्हणाली. अर्धांगवायूने तिची एक बाजू गेली होती आणि शब्द तोंडातून तिरके बाहेर पडत. पण जिभेचा तिखटपणा कुठल्याच झटक्याने गेला नव्हता. "काय, काडीमोड मागतायत का लोक?"

"तुझे कान बरे तिखट आहेत."

"डोळे गेले, पाय गेले. कानाला तरी काम नको?"

मशीनला ती पहिल्यापासून सवत म्हणे. लग्नानंतर काही वर्षांतच ते घरात आले आणि माझ्याहून तिच्याशी जास्त बोलता, हे गाऱ्हाणे तिने जन्मभर चालवले. पण ती पडली तेव्हापासून चित्र पालटले. तिला आता माणूस म्हणजे धूसर सावली दिसे. दुपारी दचकून जागी व्हायची, हात चाचपडायचा, आणि मग मशीनची घूं घूं कानी आली की तो हात सावकाश चादरीवर परत जायचा. सवत चालू आहे म्हणजे नवरा खुर्चीत आहे, एवढा हिशेब तिने आपल्याशी बांधला होता. तो दर वेळी खरा नसायचा. मशीन चालू ठेवून गवंडी औषधे आणायला जायचा, पायरीवर बसून बिडी ओढायचा. ती निर्धास्त झोपलेली असायची.

खार आली की बांधणी दूर कुठल्याशा थंड खोल्यांतल्या मशीनवर जाणार होती. हे मशीन मग कशासाठी चालवायचे? हे त्याने बैठकीत कुणाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे कारणच नव्हते ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बायकोला अंघोळ घालायला आल्या. त्यांनी पडदा ओढून घेतला तसा गवंडी कोऱ्या मशीनला हात घालून बसला. ते मशीन दुसऱ्या कुठल्या तरी गावात होते, पण त्याच्या पडद्यावर उघडले होते. नव्या घराच्या पहिल्या रात्रीसारखे रिकामे, बोललेला शब्दही घुमेल असे.

आधी खार चालवली. तिने आपली अवजारे आपणच आणली, आपणच मांडली, आणि मावशींची बादली भरायच्या आत प्रोग्राम तयार झाला. त्याने नमुन्याचा नकाशा काढून बघितला. नदी, बांध, बांधापलीकडची वस्ती. सगळे जिथल्या तिथे.

"बरी आहे," तो पुटपुटला.

मग स्वतःची लावली. ती वेळ घेत गेली. एकेक ओळ पडद्यावर सरकू लागली तशी त्याची मान आपोआप डोलू लागली. आपल्याच लेकराची चाल ओळखावी तशी. शेवटची ओळ आली. चूक नाही. त्याने चुटकी वाजवली आणि नकाशा काढला.

नदी होती, बांध होता. पण बांधापलीकडची सखल वस्ती पाण्याच्या पातळीहून वर दाखवली होती.

त्याने पुन्हा काढला. पुन्हा तेच. घरच्या मशीनवर काढला, बरोबर आला. कोऱ्यावर काढला, वस्ती परत वर.

"पाणी गरम नाही जास्त?" पडद्याआडून मावशी विचारत होत्या. "बरं आहे," बायको सांगत होती. गवंड्याला दोन्ही आवाज फार लांबून आल्यासारखे वाटले.

दुपारपर्यंत त्याला दुखणे सापडले. माणसाने लिहिलेले मशीनला समजेल असे करून देणारे एक जुने अवजार त्याच्या रीतीला लागे, आणि त्याच एका अवजारावर ती अडून बसे. त्या अवजारात दशांशापुढचे आकडे तोडताना एक बारीक चूक होत होती. ती फार पूर्वी त्यानेच पकडली होती. आपल्या मशीनवर अवजार उघडून स्वतःच्या हाताने दुरुस्तही केली होती. दुरुस्ती सगळ्यांना पाठवायची, ती उद्या पाठवू म्हणून ठेवली. त्याच आठवड्यात बायको न्हाणीघरात पडली. मग दवाखाना, मग खाट, दुरुस्ती मनातूनच गेली आणि तो उद्या कधी उगवलाच नाही. पुढे त्या अवजाराच्या नव्या आवृत्तीत दुसऱ्या कुणीतरी ती चूक काढली. खार तीच नवी आवृत्ती घेऊन येत होती. जुनी रीत मात्र जुन्यालाच कवटाळून बसली होती. म्हणजे जगात ती धड चालत होती एकाच ठिकाणी. या टेबलाखाली.

ज्यांनी ज्यांनी स्वतःच्या मशीनवर त्याच्या रीतीने बांधणी केली, त्या सगळ्यांचे नकाशे चुकले होते. आणि सर्व्हेवाल्या बाईला त्याने काय लिहिले होते, तेही त्याला शब्दन् शब्द आठवत होते. 'माझ्याकडे तर चालतं. तुमचं मशीन बदला.' तिने शेवटच्या वेळी लिहिले होते, 'आमच्याकडे पावसाळा तोंडावर आहे, कृपा करून एकदा बघा.' त्याने तक्रार बंद करून टाकली होती. त्यानंतर ती कधी दिसली नाही.

त्याने त्या बाईच्या पत्त्यावर लिहिले, सगळे जसे घडले तसे. पत्र काही क्षणांतच परत आले. असा पत्ता आता नाही.

बायको जागी झाली होती. "गप्प का आज? सवतीशी भांडण?"

तो खाटेच्या कडेवर बसला. थोडा वेळ तिच्या निर्जीव हाताची बोटे एकेक करून सरळ करत राहिला. त्याच्या मनात एक वाट केव्हाची उघडली होती. घरचे दुरुस्त अवजार गुपचूप कोऱ्या मशीनवर ठेवायचे, नकाशा बरोबर काढून दाखवायचा, आणि शुक्रवारी म्हणायचे, आक्षेप आहे. कुणाच्या बापाला कळले नसते. मशीन इथेच राहिले असते, आवाजही.

"मी आता सवतीला घालवायचं म्हणतोय," तो म्हणाला.

बायकोने मान त्याच्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाली, "का?"

"तिच्यापायी मी लोकांना खोटं पाडत आलो. खोटा मी होतो."

"कोण मेलं-बिलं का?"

"माहीत नाही. कळायची सोयही राहिली नाही."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. "तुमचं तुम्ही बघा," शेवटी म्हणाली. "मला काय, मी आहे तिथंच आहे. पण मला कसं कळणार तुम्ही आहात का गेलात?"

"विचारायचं. मी सांगेन."

"आणि बिडीला गेला असाल तर?"

गवंडी चपापला. "तुला ठाऊक होतं?"

"कपड्याला वास येतो हो. पण म्हटलं, सवत आहे ना घरात. येतील तिच्यासाठी तरी."

शुक्रवारी सगळे चौकोन भरले. मास्तरणीने विचारायच्या आधीच गवंड्याने सांगितले. अवजार, हाताने केलेली दुरुस्ती, सखल वस्ती, डोंगरातली बाई. काही वगळले नाही. वकील इतका वेळ गप्प राहू शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांना प्रथमच कळले.

"काका," वकील म्हणाला, "असं कुणाच्याही हातून..."

"नको," गवंडी म्हणाला. "तू भांडत होतास ते बरं होतं. भांडतच राहा."

"तुमचा आक्षेप?" मास्तरणीने विचारले. तिने पेन खाली ठेवले होते.

"मागे घेतला. खार घ्या. आणि आपापल्या मशीनवर जुन्या रीतीने बांधलेलं कुणी वापरू नका, असं आजच्या आज जगाला कळवा. चूक माझ्या नावावर लिहा."

त्याने दुपारी मशीन बंद केले. पंख्याने दोन-चार गिरक्या उगाच घेतल्या आणि तो थांबला. खिडकीची काच स्थिर झाली. खोलीत इतकी वर्षे काय काय आवाज होते ते तेव्हा कळले: नळाची ठिबक, जिन्यावरची पावले, बायकोचा घरघरता श्वास.

ती लगेच जागी झाली. "अहो, आहात का?"

"आहे."

थोड्या वेळाने पुन्हा. "आहात का?"

"आहे गं."

मग तेच सुरू झाले. भांडी घासताना, दाढी करताना, मावशींशी दारात बोलताना आतून विचारणा यायची आणि तो असेल तिथून ओ द्यायचा. बिडी सुटली. औषधे मावशी आणू लागल्या. टेबलाखालचे धूड एका भंगारवाल्याने उचलून नेले, तेव्हा तिने विचारले, "गेली?" आणि तो म्हणाला, "गेली." प्रोजेक्टातली बांधणी आता त्याचे डोळे उघडायच्या आधीच कुठेतरी होऊन जायची. त्याला कुणी काही विचारत नसे. त्यानेही मग उघडून बघायचे सोडले.

थंडी सरत आली तशी विचारणा कमी झाली. शब्द अर्धेच यायचे, मग नुसता हुंकार. तो हुंकारालाही ओ द्यायचा.

एका दुपारी तो वाळलेले कपडे घेऊन खुर्चीत बसला होता. मावशी केव्हाच्या गेल्या होत्या. नळाची ठिबक ऐकू येत होती, जिन्यावरून कुणीतरी खाली गेले तेही ऐकू आले. बराच वेळ खाटेवरून ना हुंकार आला, ना श्वासाची घरघर. त्याने चादरीच्या कडेला कड जुळवली, घडी घातली, हाताने दाबून सारखी केली, आणि खाटेकडे न बघताच म्हणाला, "आहे."