मंदीतली वाघीण आणि सुके बोंबील

मी एक जुनी वाघीण आहे. पळू नका मित्रांनो, मी चावत नाही. मला पट्टे नाहीत, मिशा नाहीत आणि पंजांच्या जागी लोखंडी चाकं आहेत. मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात. हे नाव मला फार आवडतं. फाटक बंद असताना तुम्ही मालगाडीचे डबे मोजत उभे राहिला असाल, तर त्यांतली एखादी मीच असेन.

माझा जन्म बंगालमधल्या एका कारखान्यात झाला. पोलादाचे जाड पत्रे वाकवून, जोडून मला उभं केलं. चारी बाजूंनी बंद, वर कमानदार छप्पर आणि दोन्ही अंगांना सरकती दारं. मग तांबूस तपकिरी रंग दिला आणि शेवटी माझ्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारले. आत एक माणूस दार लावून उभा होता. "थेंब नाही!" असं तो आतून ओरडला, तेव्हा कुठे मला रुळावर सोडलं. बंद वाघिणीची सगळी अब्रू तिच्या छपरात असते. गहू, साखर किंवा सिमेंट भिजलं, तर तिला विचारतो कोण?

तरुणपणी मी देशभर हिंडले. पंजाबचा गहू वाहिला, कोल्हापूरची साखर वाहिली. साखरेच्या दिवसांत मुंग्यांनीही माझ्यातून फुकट प्रवास केला. पुढे माझ्या नशिबी सिमेंट आलं आणि मी मुंबईत येऊ लागले. परळ-लालबागला जुन्या गिरण्यांच्या जागी जे उंच टॉवर दिसतात ना, त्यांतले काही माझ्या पोटातून उतरले आहेत. हे मी जरा फुगवून सांगते असं माझ्या शेजारणी म्हणतात. म्हणोत बापड्या.

घोडपदेवच्या मागच्या अंगाला, माझगावच्या बाजूला एक लहानसा मालधक्का आहे. मालगाडी तिथे लागते आणि हमालांची टोळी माल चढवते-उतरवते. या टोळीचा मुकादम संघर्ष. गिरणी संपाच्या वर्षी त्याचा जन्म झाला, म्हणून वडिलांनी त्याचं हे नाव ठेवलं. नावाप्रमाणे भांडखोर असेल असं वाटतं, पण माणूस हसतमुख. त्याच्या टोळीतले सगळे घोडपदेवच्या चाळींमधले. बाप धक्क्यावर होता म्हणून मुलगा धक्क्यावर, असं चालत आलेलं. गोणी उचलताना त्यांचा जो एकत्र हुंकार निघतो, तो ऐकला की माझे स्क्रू सुखावतात.

मग मंदी आली. मंदी म्हणजे काय, हे मोठी माणसं टीव्हीवर तावातावाने सांगतात. मी सोपं करून सांगते. लोक घर घ्यायचं पुढे ढकलतात, म्हणून बिल्डर बांधायचं थांबतो. बांधकाम थांबलं की सिमेंट थांबतं, आणि सिमेंट थांबलं की मी थांबते. टीव्हीवाल्यांच्या कितीतरी आधी मंदी आम्हा वाघिणींना कळते, कारण ती आमच्या रिकाम्या पोटात येऊन बसते. कोळसा नेणाऱ्या वाघिणी तेवढ्या पळत होत्या. तेजी असो की मंदी, वीज सगळ्यांनाच लागते. थोडाफार माल होता तो ट्रकवाल्यांनी पळवला. आम्हाला धक्क्याच्या मागच्या लाइनीवर उभं केलं आणि इंजिन निघून गेलं.

उभं राहून राहून माझी दारं गंजून बसली. छपरावरचे रंगाचे पोपडे उडाले. माझ्या चाकांच्या सावलीत एका मांजरीने संसार थाटला. वाघाची मावशी म्हणून तिचा तो हक्कच होता. पावसाळा तसाच गेला.

भाद्रपदाच्या अखेरीस एक दिवस सुरुची मॅडम धक्क्यावर आल्या. रेल्वेसाठी माल मिळवणं हे त्यांचं काम. तरुण, चटपटीत बाई, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"संघर्ष, वरून ठरलंय," त्या म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत इथून एक तरी गाडी भरून निघाली पाहिजे. नाहीतर धक्का बंद."

"आणि आमची टोळी?"

"पांगावं लागेल. ज्याला जिथे काम मिळेल तिथे. ह्या वाघिणीही जातील भंगारात."

"मॅडम, माल हाय कुठे भरायला? सिमेंटवाला तर फोनच उचलत नाय."

"मी फिरतेय ना! तळोजा, भिवंडी, सगळीकडे विचारतेय. तुम्ही धीर सोडू नका."

मॅडम फिरत राहिल्या आणि हात हलवत परत येत राहिल्या. संघर्षचं हसू आटलं.

नवरात्रात डबे तपासणारे अभय साहेब आले. माल मिळालाच तर कोणत्या वाघिणी चालतील आणि कोणत्या मोडीत काढायच्या, ते त्यांना ठरवायचं होतं. प्रत्येक चाकावर हातोडी मारायची, कान देऊन आवाज ऐकायचा आणि खडूने अंगावर खूण करायची, ही त्यांची पद्धत. माझी चाकं खणखणीत वाजली. मी ऐटीत उभी राहिले. मग त्यांनी माझं दार ओढलं. उघडेना. पुन्हा ओढलं. छपराकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि माझ्या अंगावर खडूने ही मोठी फुली मारली. शेजारणीला मात्र 'फिट' लिहिलं. मला रडू आलं, पण वाघिणीला डोळ्यांची सोय कारखान्यात केलेली नसते. साहेबांनी ठरवलं, फुलीवाल्या वाघिणींचे नंबर दसऱ्यानंतर सावकाश कॉम्प्युटरवर चढवू.

आता या टोळीचा एक रिवाज ऐका. खंडेनवमीला ते आपली अवजारं धुतात. गोण्या ओढायचे आकडे, हातगाड्या, वजनकाटा, आणि धक्क्याला लागलेली एक वाघीण. तिला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि नारळ. इतर वर्षी माल उतरवायची घाई असायची, म्हणून मान एकीलाच मिळे. यंदा घाई कसली?

"एकीकच कित्या?" संघर्ष म्हणाला. रंगात आला की त्याच्या तोंडी कोकणातल्या गावची बोली यायची. "सगळ्यांका न्हाऊ घाला रे! पुढच्या वर्षी असतील की नाय, देव जाणे."

मग काय विचारता! बादल्या आल्या, खराटे आले, साबणाची पावडर आली. रिकाम्या हातांना काम मिळालं आणि टोळी आमच्यावर तुटून पडली. माझ्या दारांच्या चाकांत तेल ओतलं, पहारीने ढोसलं, आणि कुरकुरत का होईना, दोन्ही दारं उघडली. आतून वारा वाहिला तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू! सगळ्यांच्या गळ्यात माळा पडल्या. दारं वाळण्यासाठी उघडीच ठेवली.

आणि अभय साहेबांच्या खडूच्या खुणा? त्या साबणाच्या पाण्याबरोबर गटारात गेल्या. धुण्याच्या भरात एकाच्याही लक्षात आलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी साहेब प्रसादाला आले आणि जागच्या जागी थांबले.

"संघर्ष! माझ्या खुणा कुठे गेल्या?"

संघर्षने जीभ चावली. "साहेब... पूजेच्या वस्तूवर रेघोट्या कशा ठेवायच्या?"

"रेघोट्या? अरे, कुठली फिट आणि कुठली भंगार, सगळं त्यात होतं! आता मला काय, स्वप्नात दिसणार आहे?"

"चुकी झाली साहेब. आधी शिरा घ्या."

साहेबांनी शिरा खाल्ला, तरी राग गेला नाही. पुन्हा पहिल्यापासून तपासणी करणं आलं. ते पुटपुटत माझ्याच दारातून आत चढले, आणि नेमकं त्याच वेळी आभाळ फाटलं. हस्ताचा पाऊस तो, त्याला कोण विचारणार!

धक्क्याच्या भिंतीपलीकडे एक मोकळं मैदान आहे. तिथे सुंदराबाई कोळीण आपलं सुकं वाळवायची. उत्तन, मोरा अशा बंदरांतून आलेले सुके बोंबील, जवळा, बांगडे यांना ऊन द्यायचं, गोण्या भरायच्या आणि बाहेरगावी पाठवायच्या, हा तिचा धंदा. नवरात्रात लोक मासळी खात नाहीत, त्यामुळे गोण्यांचे ढीग पडले होते.

"धावा रं! माजा सगला माल भिजतंय!" भिंतीच्या खिंडारातून तिची हाक आली.

टोळीने इकडेतिकडे पाहिलं नाही. सगळे धावले, आणि जवळचा आडोसा म्हणजे आमची उघडी दारं! पाठीवर गोण्या घेऊन संघर्ष माझ्यापाशी आला.

"अरे, हे काय आणताय? ही रेल्वेची वाघीण आहे!" अभय साहेब ओरडले.

"साहेब, आधी आत घ्या, मग ओरडा!"

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल? पंजाबचा गहू वाहिलेली मी, कोल्हापूरची साखर वाहिलेली मी, आणि माझ्या पोटात सुके बोंबील! पण मला कोण विचारतं? गोण्या आल्या, पाठोपाठ सुंदराबाई आली, आणि पावसाची झड येऊ नये म्हणून संघर्षने दोन्ही दारं ओढून घेतली.

आत काळोख झाला. साहेब नाकाला रुमाल लावून कोपऱ्यात उभे. वर पावसाचा ताशा वाजत होता. सुंदराबाई अंधारात एकेक गोणी चाचपत होती.

"सायबा," ती म्हणाली, "थेंब नाय!"

साहेबांनी वर पाहिलं. एखादं जरी भोक असतं तरी तिथून उजेड दिसला असता. कुठेही दिसला नाही. त्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि गोण्यांवर चढून माझ्या छपराच्या पत्र्यावर हात फिरवला. पत्रा कोरडा होता.

"वरून नुसता रंग सोललाय," ते म्हणाले. "आतून ठणठणीत आहे ही. आता आठवलं, दार उघडलं नाही म्हणून मी हिलाच भंगारात टाकत होतो."

त्या क्षणी त्यांनी माझ्यात आणखी चार गाड्या मासळी भरली असती, तरी मी हूं की चूं केलं नसतं.

पाऊस थांबला तेव्हा सुरुची मॅडम आपट्याची पानं घेऊन पोहोचल्या. दार सरकलं आणि आतून साहेब, मुकादम आणि कोळीण बाहेर पडताना पाहून त्यांना हसू आवरेना. मग त्यांची नजर गोण्यांवर गेली आणि हसू थांबलं.

"सुंदराबाई, हा माल कुठे जातो?"

"जास्ती आसामात. तिकडं लय आवडीनं खातात."

"कसा पाठवता?"

"ट्रकनं. ताडपत्री उडते नि निम्मा माल वाटेत भिजतो."

"मग रेल्वेने का नाही पाठवत?"

"तुमी आमची मासली घेता व्हय? मला वाटलं, इथं सिमेंटच चालतं. कदी कुनी विचारलंच नाय!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. मधे होती ती एक भिंत, आणि तिलाही खिंडार होतं.

पुढचे दिवस धावपळीत गेले. एकट्या सुंदराबाईच्या मालाने गाडी थोडीच भरणार? तिने भाऊच्या धक्क्यापासून वरळीपर्यंतच्या सुकं विकणाऱ्या बाया गोळा केल्या. त्या काही ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी संघर्षला माझ्या छपरावर बादल्या ओतायला लावल्या आणि स्वतः आत बसून पाहिलं. तिकडे मॅडमनी अर्धी गाडीही चालेल अशी परवानगी आणली. मंदीत रेल्वेलाही थेंबे थेंबे तळं साचवायचं शहाणपण आलं होतं. अभय साहेबांनी या वेळी प्रत्येक वाघिणीत शिरून दार लावून पाहिलं. ज्यांच्यात खरोखर उजेड दिसला, त्या बाजूला झाल्या. त्यांत 'फिट' लिहिलेली माझी शेजारीणही होती. मला फार वाईट वाटलं.

तरी शेवटपर्यंत धाकधूक होतीच. वसुबारस उजाडली आणि दोन वाघिणी अजून रिकाम्या होत्या. दुपारी वरळीच्या बायांचे टेम्पो एकामागून एक आत आले, तेव्हा टोळीने असा हुंकार दिला की माझ्याखालची मांजर पिल्लांना घेऊन भिंतीपार झाली. संध्याकाळी इंजिन लागलं. धक्का वाचला होता.

निघताना संघर्ष माझ्याजवळ आला. त्याने माझ्या अंगावर थाप मारली. "परत ये गो," तो हळूच म्हणाला.

मित्रांनो, वाघिणीला कोणी परत ये म्हणत नाही. आम्हाला घर नसतं. जिथे माल असेल तिथे आम्हाला जोडतात आणि पुढे ढकलतात. त्यामुळे आसामात माल उतरला तेव्हा मला धास्ती वाटली की आता कुठे पाठवतात! तिथल्या लोकांना मला चहाने भरायचं होतं. दार उघडून त्यांनी एक श्वास घेतला आणि घाईघाईने दार लावलं. असला चहा कोण पिणार? तेव्हा साहेब लोकांनी ठरवलं, ही आता मासळीचीच, हिला सरळ मुंबईला पाठवा.

मंदी अजून गेलेली नाही. सिमेंटवाला अजून फोन उचलत नाही. पण मालधक्का चालू आहे, आणि आता त्या भिंतीला रीतसर दरवाजा केला आहे.

तुमच्याही आसपास काहीतरी गंजून उभं असेल. आजीचं शिवणयंत्र असेल, जिन्याखालची सायकल असेल, किंवा ज्याच्याशी कोणी बोलत नाही असं एखादं माणूस असेल. पोपडे पाहून लगेच फुली मारू नका. दार उघडून आत बघा. उघडत नसेल तर थोडं तेल घाला, आणि थोडा जोर लावा.

मी परतले तेव्हा टोळी धक्क्यावर उभी होती. किती गावांत, किती धक्क्यांवर माझी दारं उघडली गेली, पण 'माल आला' याखेरीज मी कधी काही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तर मी रिकामी होते. तरी मला लांबून ओळखून संघर्षने हात वर केला आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "इली गो माजी बाय!"