खांबाजवळची जागा

माइकच्या जाळीला डाव्या अंगाला एक पोचा आला होता आणि त्या पोच्यात कुणाकुणाच्या भाषणांची थुंकी वाळून काळी पडली होती. तो दात घासायच्या जुन्या ब्रशला साबण लावून ती खरवडत होता. ब्रश बायकोचा. ती गेली तेव्हा मुलीनं तिचे कपडे वाटून टाकले, चपला टाकून दिल्या, चष्माही कुणाला तरी दिला, पण ब्रशकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मग तो इथं दुकानात आला आणि स्क्रूड्रायव्हरांच्या डब्यात उभा राहिला. केस एका बाजूला झुकलेले. ती एकाच अंगानं जोर लावून घासायची. कितीदा सांगितलं, पण ऐकेल ती कसली...

फळीवरचा रेडिओ बातम्या देत होता. कुणीतरी गेल्याचं सांगत होता. त्यानं पूर्ण नाव घेतलं, कागदावरचं, त्यामुळे कोण गेलं ते आधी कळलंच नाही. मग ‘एकेकाळचा लाडका फुटबॉलपटू’ म्हणाले, ‘डाव्या पायाची जादू’ म्हणाले, आणि ब्रश जाळीवरच थांबला. डावरा गेला. आपला डावरा.

पहिला विचार आला तो असा, की घरी जाऊन हिला सांगायला हवं. हात पुसायला त्यानं फडकं उचललंसुद्धा. मग फडकं हातात तसंच धरून तो बसून राहिला. सांगायला कुणी नव्हतं. ते एक बरंच झालं म्हणा, ती रडली असती... नाही, ती रडली नसती, ती उठून चहा टाकून बसली असती आणि तो उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली असती.

दुसरा विचार आला तो भोंग्याचा. आता भोंगा येणार.

भोंगा म्हणजे मैदानाच्या उगवतीकडच्या पायऱ्यांवरचा म्होरक्या. घोषणा त्यानं द्यायच्या, टाळ्यांचा ठेका त्यानं धरायचा. तरुणपणी त्याचा आवाज असा होता, की कर्णे लावणाऱ्या या माणसाला लोक चिडवायचे, भोंग्यामुळे तुझा धंदा बसणार एक दिवस. धंदा बसला नाही. भोंग्याचा घसा बसला. आता त्याच्या चष्म्याच्या दुकानात तो बोलतो ते काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसालाही पुढे झुकून ऐकावं लागतं. आणि लोक झुकतात. कारण भोंगा चष्म्याबरोबर डावऱ्याची गोष्ट फुकट देतो.

ती गोष्ट! त्यानं माइकची जाळी पुन्हा घासायला घेतली, इतक्या जोरानं की ब्रशचे दोन केस तुटून पोच्यात अडकले.

दुपारी भोंगा आलाच. काळा शर्ट घालून आला होता. बाकावर टेकला आणि नाक पुसून म्हणाला की संध्याकाळी सगळे पायऱ्यांवर जमणार आहेत, क्लबच्या सेक्रेटरीनं परवानगी दिली आहे, चार कर्णे आणि एक चांगला माइक हवा. आणि हल्ली माझा आवाज पोचत नाही बघ, जरा सांभाळून घे. सेक्रेटरी दोन शब्द बोलेल, मग मीच बोलणार आहे.

‘‘ती गोष्ट सांगशील,’’ हा म्हणाला.

‘‘लोकांना तीच ऐकायची असते रे. मी काय करू?’’ भोंगा काचेच्या कपाटातल्या जुन्या रेडिओंच्या व्हॉल्व्हकडे बघत म्हणाला. ‘‘सेक्रेटरी म्हणतो, खांबाजवळच्या त्या जागेवर पितळी पाटी लावू. माझं नाव टाकू म्हणतो. मी म्हटलं, अहो कशाला. पण ऐकतच नाही.’’

याच्या हातात माइक होता. लोखंडी, वजनदार, जुन्या बनावटीचा. एवढ्याशा अंतरावर भोंग्याचं कपाळ होतं. यानं माइक फडक्यात गुंडाळला आणि चार कर्ण्यांचं भाडं सांगितलं. भोंग्यानं घासाघीस केली नाही. जाताना मात्र दारात वळून म्हणाला, ‘‘वहिनी असत्या तर आल्या असत्या आज.’’

आल्या असत्या! तुझ्या तोंडून वहिनी शब्द निघतो तरी कसा!

त्या दिवसापासून तिनं त्या पायऱ्यांवर पाऊल टाकलं नव्हतं, आणि ते का, हे जगात पुरतं तिघांनाच ठाऊक होतं. त्यांतली एक गेली. आता राहिले हा आणि भोंगा.

त्या दिवशी हा समोरच्या बाजूच्या केबिनमध्ये होता, कर्ण्यांच्या बटणांपाशी, तिथून उगवतीच्या पायऱ्या हातावरच्या रेषांसारख्या दिसायच्या. ती खांबाजवळ. तिची जागा ठरलेली, रांगेच्या टोकाला, कारण सामना रंगात आला की तिला खांब धरून उभं राहायला लागायचं. शेवटची मिनिटं, बरोबरी, पेनल्टी मिळाली आणि डावऱ्यानं चेंडू ठेवला. जन्मभर डाव्या पायानं खेळलेल्या माणसानं ती उजव्या पायानं मारली. चेंडू पोस्टच्या बाहेरून, लाजल्यासारखा, हळूच निघून गेला.

विकला गेला, असं कुणीतरी म्हणालं असेल. पैसे खाल्ले. नाहीतर डावरा उजव्यानं कशाला मारेल? त्या पायऱ्यांवरच्या लोकांना डावऱ्याच्या डाव्या पायावर एवढा भरवसा होता, की तो पाय दुखू शकतो हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि त्यांची एक जुनी रीत होती. दगा देणाऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत, काही फेकायचं नाही. भोंग्यानं हात वर करून फिरवायचा आणि सगळ्यांनी मैदानाकडे पाठ करायची. बस. भलेभले त्या पाठींपुढे मान खाली घालून मैदान सोडायचे. भोंग्याचा हात वर गेला, फिरला, आणि उगवतीच्या सगळ्या पायऱ्या एकदम पाठमोऱ्या झाल्या. हजारो पाठी... आणि खांबाजवळ एक तोंड.

तिचं.

हे त्यानं केबिनमधून बघितलं. आणि पुढचंही बघितलं. भोंग्याला ते तोंड दिसलं. तो रांगेतून लोकांना ढकलत तिच्याजवळ गेला, तिचा खांदा धरला आणि तिला फिरवायला लागला. तिनं दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली. तो ओढतोय, ती सोडत नाही. तेवढ्यापुरतं भोंग्याचंही तोंड मैदानाकडे झालं होतं. तेवढ्यापुरतंच! त्या एवढ्याशा भांडवलावर या माणसानं पुढं कित्येक वर्षं दुकान चालवलं.

ती घरी आली तेव्हा खांद्यावर चार बोटं उठली होती. यानं भोंग्याच्या घरी जायला चपला घातल्या तर ही दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, त्याचा पाय दुखत होता हो. फरफटत होता तो. कुणालाच कसं दिसलं नाही? तिला खांद्याचं काहीच नव्हतं, तिचं आपलं पाय, पाय. दोन दिवसांनी छापून आलं, डाव्या पायाचं हाड तडकलं होतं, त्याच पायावर तो अर्धा सामना खेळला होता. पण तोवर पायऱ्यांवर तिचं नाव पडलं होतं. डावऱ्याची बायको. बाजारात, बसथांब्यावर, नळावर. काय डावऱ्याची बायको, कसा आहे नवरा? नाव कुणी पाडलं हे सांगायला नको. पायऱ्यांना पश्चात्ताप झाला तेव्हाही त्यांनी डावऱ्याची माफी मागितली, हिची मागायची कुणाला आठवण झाली नाही. ती सामना रेडिओवर ऐकायला लागली. मी विचारायचो, येतेस का, केबिनमध्ये बस माझ्याजवळ. ती म्हणायची, तिथून त्याचं तोंड दिसत नाही.

मग कित्येक वर्षांनी, डावरा म्हातारा झाल्यावर, त्याची रेडिओवर मुलाखत झाली. तो म्हणाला, त्या दिवशी मला सगळ्या पाठी दिसत होत्या, पण खांबाजवळ एक तोंड होतं, कोण ते लांबून कळलं नाही, त्या तोंडाकडे बघत मी मैदानातून चालत बाहेर आलो, नाहीतर तिथंच बसलो असतो. ती कपडे वाळत घालत होती. ओला शर्ट हातात घेऊन उभी राहिली. पाणी पायावर ठिबकत होतं. हसत होती. असं हसताना तिला मी लग्नानंतर दोनदाच... जाऊ दे.

आठवड्यात भोंग्यानं गावभर केलं, ते तोंड माझं. लोकांनाही ते पटलं, कारण हिला नाव का पडलं हे तोवर कुणाला आठवत नव्हतं, आणि भोंग्याशिवाय दुसरं कुणाचं तोंड लक्षात राहणार? डावरा स्वतः त्याच्या दुकानात आला, त्याला मिठी मारली, फोटो निघाला, तो फोटो अजून काउंटरच्या मागे आहे. हा पुन्हा चपला घालून निघाला. ही पुन्हा दारात.

‘‘त्याला तोंड दिसलं ना?’’ ती म्हणाली. ‘‘मग कुणाचं का असेना.’’

तिनं सोडून दिलं. तिचं मन मोठं होतं, ठीक आहे. माझं नाही. तिनं सोडलेलं सगळं मी उचलून ठेवलं. भोंग्याच्या मुलीच्या लग्नात यानं मुद्दाम सैल जोडणीचा माइक दिला होता, ऐन वेळी बंद पडावा म्हणून, तर त्या दिवशी तो असा काही खणखणीत चालला की लोकांनी आणखी दोन कार्यांची आगाऊ मागणी नोंदवली. सूड घ्यायलासुद्धा नशीब लागतं.

आज मात्र जोडण्या पक्क्या होत्या. कर्णे बांधताना मुलीचा फोन आला. ‘‘बाबा, भांडू नका हं तिथं. आईला आवडलं नसतं.’’ तो म्हणाला, मी कशाला भांडू, मी वायरी बघणारा माणूस. फोन ठेवून त्यानं माइक चालू केला आणि रिकाम्या मैदानाला सांगितलं, हॅलो, एक, दोन, तीन. आयुष्यभर माइकपुढं तो एवढंच बोलत आला होता. बाकी सगळं दुसऱ्यांनी बोलायचं, यानं ते लांबवर पोचवायचं.

ऊन कलताना पायऱ्या भरल्या. म्हातारे झालेले लोक, काठ्या, गळ्यात विरलेले मफलर, मांडीवर नातवंडं. याचं टेबल आज मैदानाच्या कडेला होतं, पायऱ्यांकडे तोंड करून, बटणं हाताखाली, चाचणीला सकाळचा तो पोच्याचा माइक बाजूला. खांबाजवळची जागा मोकळी सोडली होती. तिथं कुणीतरी फुलं ठेवली होती. भोंग्यासाठी.

सेक्रेटरी बोलला. मग भोंगा पायऱ्यांसमोर माइकपाशी उभा राहिला. यानं त्याचा आवाज हळूहळू वाढवत नेला, वर, आणखी वर, तो बसका घसा तरुणपणीसारखा साऱ्या मैदानावर पसरला. पडायचं तर उंचावरून पडू दे. भोंगा पेनल्टीपाशी आला. पाठींपाशी आला. हात वर करून फिरवायचा भाग तो नेहमी गाळायचा, आजही गाळला. मग माइक जवळ ओढला आणि म्हणाला, ‘‘हजारो पाठी होत्या. आणि खांबाजवळ एकच—’’

यानं बटण दाबलं.

भोंग्याचे ओठ हलत राहिले. आवाज नाही. पहिल्या रांगेपलीकडे एक अक्षर नाही. बोल आता. बोल ना. मला चार बोटं दिसतात अजून. तिच्या खांद्यावरची, निळी...

आणि मग वरच्या रांगेतला एक म्हातारा काठीवर जोर देऊन उठला. त्याच्या शेजारचा उठला. त्यांना वाटलं, भोंग्याचा गळा दाटून आला. त्यांना वाटलं, आता स्तब्ध उभं राहायचं. रांगेमागून रांग उठली, टोप्या उतरल्या, पोरं मांडीवरून खाली ठेवली गेली, आणि सगळ्या पायऱ्या मैदानाकडे तोंड करून गप्प उभ्या राहिल्या. भोंग्यानं ते पाहिलं, तोंड मिटलं आणि छातीवर हात ठेवून मान खाली घातली. अगदी शोभून दिसत होता. एवढा मान त्याला त्याच्या खोटेपणानंही कधी मिळवून दिला नव्हता. तो आज मी दिला. माझ्या बोटानं.

रागानं त्याच्या कानात कर्णे वाजायला लागले. हात चाचणीच्या माइकवर गेला, दुसरं बटण दाबलं गेलं, आणि शांततेत चारी कर्ण्यांतून खरखर उठली. माना वळल्या. भोंग्यानंही मान वर केली आणि तिथूनच याच्याकडे बघितलं. त्याला कळलं. लगेच कळलं त्याला, चेहरा पांढरा पडला, चष्मा नीट करायला वर गेलेला हात तिथंच राहिला. कित्येक वर्षं हा चेहरा बघायची हौस होती. हाच, असाच. हा बघत राहिला. आणि बघता बघता त्याला वाटलं, समोर आहे तो एक म्हातारा चष्मेवाला, घाबरलेला. एवढंच? याच्यासाठी मी तिचं सगळं सांभाळून ठेवलं होतं?

तो खांबाकडे बघायला लागला. फुलांकडे.

‘‘हॅलो,’’ तो म्हणाला. ‘‘एक, दोन, तीन.’’

कुणी हसलं नाही. तेवढी तोंडं त्याच्याकडे वळलेली त्यानं जन्मात पाहिली नव्हती. पुढं एकच शब्द होता, तिचं नाव, आणि ते त्यानं अख्ख्या संसारात कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. अगं, ऐकतेस का, कुठं आहेस... तेवढ्यावर निभलं होतं. दवाखान्याच्या खिडकीशीसुद्धा ते मुलीनं सांगितलं होतं. आता जिभेवर ते परक्या घरात बसल्यासारखं अवघडून बसलं होतं. त्यानं माइक तोंडाजवळ घेतला. जाळीचा वास आला, सकाळच्या साबणाचा.

पायऱ्या उभ्या होत्या. माइक चालू होता. तिचं नाव अजून घ्यायचं होतं.