पाणी बंद करू नकोस

आम्ही पोचलो तेव्हा अग्निशमन केंद्राच्या स्वयंपाकघरात चहाची किटली टेबलावर वाफाळत होती आणि तिच्याभोवती बसलेल्यांपैकी एकानेही सरकून जागा केली नाही. आम्ही तिघं पिशव्या खांद्यावर घेऊन दारातच उभे राहिलो. भिंतीवरचं कपाट उघडं होतं, त्यात कप दिसत होते.

"आले पर्यटक," त्यांच्यातला एक जण म्हणाला.

त्यांची भाषा आम्ही निघण्याआधी शिकून घेतली होती. ऐकलेलं बरंचसं समजायचं, बोलताना मात्र अडखळायला व्हायचं. पर्यटक हा शब्द पहिल्याच धड्यात होता.

माझ्या नणंदेने पिशवी खाली टाकली, कपाटातले कप काढले, स्वच्छ असूनही सगळ्यांदेखत खळखळून विसळले आणि किटलीत उरलेला चहा आम्हा तिघांत संपवला. "बसा की," ती आमच्याकडे वळून आपल्या भाषेत म्हणाली, "सासरी आल्यासारखे काय उभे राहिलात?"

आमच्याबरोबरचा तिसरा माणूस धंद्याने गवंडी. तो माझ्या कानाशी पुटपुटला, "वहिनी, ही आपल्याला आजच मारणार. बाँब कशाला लागतोय?"

समुद्रापलीकडच्या या युद्धाशी आमच्या देशाचा संबंध नव्हता. पण इथल्या अग्निशमन केंद्रांतली निम्मी माणसं सैन्यात गेली होती, काही मेली होती, आणि आमच्या गावच्या स्वयंसेवी दलाने पाळीपाळीने माणसं पाठवायचं कबूल केलं होतं. पहिल्या तुकडीत माझा नवरा आला. तो याच केंद्रावर असताना मेला. दुसऱ्या तुकडीत आम्ही. नणंद त्याची धाकटी बहीण, शाळेत व्यायाम शिकवणारी, आणि आमच्या दलाची कॅप्टन. गावातल्या प्रत्येक स्वयंसेवकाला, माझ्या नवऱ्यालासुद्धा, तिनेच तयार केलं होतं. घरी मी तिला नावाने हाक मारायची. कामावर कॅप्टन म्हणायची. भांडताना वन्सं.

चहा संपवून तिने टेबलावरच्या माणसांना विचारलं, "बंब कोण चालवतं?"

कोपऱ्यातल्या माणसाने मान वर केली. कानापासून गळ्यापर्यंत त्याची कातडी भाजून आक्रसलेली होती.

"मी."

"त्या दिवशी पण तूच होतास?"

"मीच."

"माझ्या भावाला सोडून गाडी नेलीस?"

"नेली," ड्रायव्हर म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

ती तडक केंद्रप्रमुखाकडे गेली. चौकशी हवी म्हणाली, लेखी नाही, समोरासमोर. प्रमुख थकलेला माणूस होता. बोलताना तो डोळे मिटून घ्यायचा. "वरून अधिकारी बोलावतो," तो म्हणाला. "ठपका आला तर ड्रायव्हरला उचलून आघाडीवर पाठवतील. तिथून कुणी परत येत नाही. आणि हा बंब चालवणारा दुसरा माणूस माझ्याकडे नाही, एवढं लक्षात घ्या."

"माझ्याकडेही दुसरा भाऊ नाही," नणंद म्हणाली.

ही बातमी भिंतींना कळायच्या आधी माणसांना कळली. त्यानंतर आमच्या बुटांत पाणी सापडू लागलं. आमच्या खोलीतली शेगडी कुणीतरी "दुरुस्तीला" नेली. पहिलवानासारखा एक नोझलवाला होता, आगीवर पाइपचं तोंड धरणारा, तो आम्ही जवळून गेलो की श्वास रोखून धरायचा, जणू वास येतोय. नणंद कमी नव्हती. त्यांनी धुवून लावलेले पाइप ती त्यांच्यासमोर पुन्हा धुवायची आणि मोठ्याने म्हणायची, "आता झाले." गवंडी म्हणायचा की दोन्हीकडच्या लोकांना शत्रूपेक्षा आपसातच जास्त रस आहे, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

आमच्या दोघींतही काही गोड नव्हतं.

"तू अडवलं असतंस तर दादा आला नसता इकडे," ती कपडे वाळत घालताना म्हणाली.

"तुम्ही बहीणभावंडं कधी कुणाचं ऐकलंय, वन्सं?"

"तुला तर त्या माणसाचा राग पण येत नाही. दगड आहेस तू."

मला राग येत नव्हता असं नाही. पण रागाच्या आधी एक प्रश्न होता आणि तो सुटल्याशिवाय मला पुढे जाता येत नव्हतं. माझा नवरा आगीत मेला नव्हता. जिथे आग होती तिथून तो सुखरूप बाहेर आला होता. मेला तो रस्त्यावर, जिथे बंब उभा होता त्या जागेपासून दोन हातांवर. दुसरा मारा त्या रस्त्यावर झाला. बाकीचे सगळे तोवर बंबात चढून बसले होते. माझा नवरा मंद नव्हता, भित्रा नव्हता, मरायची हौस असलेला तर अजिबातच नव्हता. मग दोन हातांवरच्या गाडीत तो चढला का नाही? ड्रायव्हरला शिक्षा झाल्याने या प्रश्नाचं उत्तर मिळणार नव्हतं. उलट उत्तर त्याच्याबरोबरच आघाडीवर गेलं असतं.

मी त्याला एकदा गाठून विचारलं. तो चाकाचे नट घट्ट करत होता. "चौकशीत सांगीन," तो म्हणाला. "तुमच्या कॅप्टनला फार घाई आहे ना."

अधिकारी येणार होता त्या दिवशी सकाळी रेल्वे यार्डाजवळच्या पुठ्ठ्याच्या गोदामावर मारा झाला. आम्ही निघालो. जुना बंब होता. त्याच्या पंपाला स्वतंत्र इंजिन होतं, त्यामुळे गाडी चालत असतानाही पंप चालू ठेवता यायचा. मी मागच्या बाजूला पंपावर. नणंद, गवंडी आणि तो नोझलवाला पाइप घेऊन गोदामाच्या दाराकडे गेले. पुठ्ठा जळताना आवाज फारसा करत नाही. धूर तेवढा दाट आणि पिवळट येतो. ड्रायव्हरने बंब आगीकडे पाठ करून उभा केला होता, तोंड रस्त्याच्या मोकळ्या टोकाकडे. आमच्या गावी असं कुणी करत नाही.

इथे सगळंच काम त्या दुसऱ्या माऱ्याचा विचार करून चालायचं. पहिला मारा इमारतीसाठी, दुसरा ती विझवायला आलेल्यांसाठी. म्हणून त्यांचा नियम एकच होता. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला की हातात असेल ते टाकायचं आणि गाडीत चढायचं. पाइप तुटला तर तुटू दे. गाडी त्याला ओढत नेईल, नाहीतर तो फाटून मागे राहील.

पाणी धरून थोडाच वेळ झाला असेल. शहरात भोंगा सुरू झाला आणि पाठोपाठ ड्रायव्हरचा हॉर्न.

नोझलवाल्याने नोझल सोडून दिलं. दाबाखालचा पाइप सापासारखा उसळला आणि रस्त्यावर आपटत राहिला. तो पळत येऊन वर चढला. त्याच्यामागून गवंडीही, धापा टाकत. नणंद सगळ्यांत शेवटी आली. मला वाटलं आता ती हात देईल आणि मी तिला वर घेईन. ती माझ्याजवळ आली, पण चढली नाही. खाली वाकली आणि पाइप जिथे बंबाला जोडलेला असतो तो जोड तिने दोन्ही हातांनी धरला.

"पाणी बंद कर!" ती ओरडली.

माझा हात लिव्हरवर गेला. गावी हजारदा गेला होता तसाच, विचार न करता.

ड्रायव्हरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "बंद करू नकोस!" तो माझ्याकडे बघून किंचाळला. "त्याने सांगितलं म्हणून मी केलं होतं! बंद करू नकोस!"

पाइपमध्ये पाण्याचा दाब असेपर्यंत तो जोड सुटत नाही. कितीही जोर लावा, आतलं पाणीच त्याला आवळून धरतं. पाणी बंद केलं की दाब उतरतो आणि जोड हातात येतो. पंपावर बसणाऱ्याला शिकवलेली ही पहिली गोष्ट. मी लिव्हरवरचा हात काढून घेतला.

"वहिनी! बंद कर म्हणते ना! बहिरी झालीस का?"

तिचे पंजे जोडावर पांढरे पडले होते. जोड हलत नव्हता. गाडी हलली. मी वाकून तिचा कमरेचा पट्टा पकडला आणि मागे रेलले तसा गवंड्याने माझा पट्टा पकडला. तिचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. मी सोडलं नाही. ती वर आली ती शिव्या देतच, आपल्या आणि त्यांच्या दोन्ही भाषांत. पाइप ताणला गेला, फाटला, आणि पाण्याचा फवारा आमच्या अंगावर उलटला. कोपरा वळल्यावर मागे दुसऱ्या माऱ्याचा आवाज झाला. बंबाच्या मागच्या दिव्यांच्या काचा फुटून माझ्या मांडीवर पडल्या.

आम्ही केंद्राच्या आवारात शिरलो. गाडी थांबताच ती उडी मारून उतरली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"हुकूम दिला होता मी."

"ऐकला," मी म्हणाले. ओठातून रक्त येत होतं.

"मग?"

"मग नाही पाळला."

ती ड्रायव्हरकडे वळली. "आणि तू काय ओरडलास? काय केलं होतंस?"

त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरला, पण गाडीचं दार धरून राहिला. बाकीचे लोक स्वयंपाकघरातून बाहेर आले होते.

"त्या दिवशी गाडी आणि पंप दोन्ही मीच बघत होतो," तो म्हणाला. "पुढे जाऊन हॉर्न दिला, पंपाशी परत आलो. सगळे चढले. तुमचा माणूस मागे येऊन वाकला. पाणी बंद कर म्हणाला. परका माणूस, आमच्यासाठी फुकट मरायला आलेला. म्हटलं, एवढं तरी ऐकावं त्याचं. बंद केलं. जोड सुटला. मी पुढे येऊन स्टिअरिंगशी बसलो. वाटलं, आता चढेल."

"मग?"

"पाइप गुंडाळायला लागला."

"हॉर्न दाबून धरला. त्याने हात वर केला, थांब म्हणून. असा." ड्रायव्हरने हात वर केला. "मागे चार माणसं बसली होती. गाडी नेली मी. भाजलो तरी नेली."

"हे आधी सांगायला तुझी जीभ झडली होती?"

"तुम्ही विचारलंत, गाडी नेलीस का. नेली."

आमच्या दलाचे पाइप गावाने वर्गणी काढून घेतलेले. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक वाक्य ऐकवलं जायचं. पाइप रस्त्यावर टाकून येणारा आणि पोर बाजारात विसरून येणारा, दोघांना घरात घेऊ नये. लोक हसायचे, पण पाइप कधी मागे राहत नसे. इतकी वर्षं गुंडाळून गुंडाळून ते हातांतच बसलं होतं. हे वाक्य कोणाचं, ते आवारात तिघांना माहीत होतं. गवंडी जमिनीकडे बघत होता. मी नणंदेकडे बघितलं नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं, आणि ते मिळाल्यावर हलकं वाटेल ही माझी समजूत चुकीची होती. माझा नवरा वाकलेला दिसत होता मला. गुंडाळी व्यवस्थित येत नसली की तो जिभेचं टोक दातांत धरायचा.

नणंद नळाशी गेली. तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. मग आत जाऊन कोरडा शर्ट घालून आली.

अधिकारी दुपारी आला. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला. प्रमुख त्याच्या शेजारी डोळे मिटून. ड्रायव्हर भिंतीशी उभा, बाकीचे दाराबाहेर, सगळ्यांना ऐकू येईल असे. ती अधिकाऱ्यासमोर ताठ बसली.

"ड्रायव्हरने तुमच्या भावाला मागे सोडून गाडी नेली, असं तुमचं म्हणणं आहे," अधिकारी म्हणाला.

"नेली."

"नेण्याची गरज होती?"

बाहेर नोझलवाला खोकला आणि कुणीतरी त्याला दटावलं. मला ठाऊक होतं की ती नाही म्हणू शकते. ती नाही म्हणाली असती तर मला बोलावं लागलं असतं, आणि मग आम्ही घरी परतल्यावर एकमेकींच्या दारात पाऊल टाकलं नसतं. मी बोलायची तयारी करून बसले होते.

"होती," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. "मग तक्रार मागे घेताय?"

"तक्रार केलीच नव्हती. चौकशी मागितली होती. ती झाली."

"मला इतक्या लांबून बोलावलंत, बाई."

"मी तर समुद्र ओलांडून आले," ती म्हणाली आणि उठली.

बाहेर ड्रायव्हर तिच्यामागे आला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. चेहऱ्यावरून ते आभाराचं असावं आणि त्याला ते जमत नव्हतं.

"माझ्याशी बोलायचं नाही," ती न वळता म्हणाली. "भाऊ तुझ्यामागे उभा असताना गाडी नेलीस, ते मी विसरणार नाही. गरज असली म्हणून विसरणार नाही."

"नका विसरू," तो म्हणाला.

"बंबाच्या काचा बसव आता."

मी पायरीवर ओठाला बर्फ लावून बसले होते. ती माझ्यासमोर येऊन थांबली. माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलं, आणि बघितल्याचं मला दिसू नये म्हणून माझ्या बुटांकडे बघितलं.

"तुला पंपावरून काढलंय. हुकूम न ऐकणारं माणूस मला पंपावर चालत नाही."

"बरं, कॅप्टन. मग कुठे?"

"नोझलवर. माझ्या मागे, पट्ट्याला धरून. तुझी पकड आहे म्हणे चांगली."

"आणि पंपावर कोण?"

तिने आवाराकडे मान उडवली. ड्रायव्हर फुटक्या काचा हाताने वेचत होता.

"तो. पाणी कधी बंद करायचं नाही, ते त्या एकालाच कळलंय इथे."