नवव्या पाठाचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. माझ्या पाठीवर एक कागद चिकटवलाय: 'मंद. फेकून देणे.' अक्षर साहेबांचं आहे. फेकायचं तर खुशाल फेका, पण आधी माझी बाजू ऐका.

माझी जुळणी एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाली. कारागिराने मेमरीच्या दोन पट्ट्या खाचांत ठेवल्या, टक् असा आवाज येईपर्यंत दाबल्या आणि माझं झाकण लावलं. तिथून मी या ऑफिसात आलो. कारखान्यांतल्या कामगारांना पडद्यावर पाहून शिकता येतील असे कोर्स इथे बनतात. चित्र दिसतं, आवाज समजावून सांगतो, शेवटी प्रश्न येतात. माझ्यावर काम करायची ती ताई. ऑफिसात सगळेच तिला ताई म्हणतात, तिच्याहून वयाने मोठा असलेला शिपाईसुद्धा.

सुरुवातीचे कोर्स वीस-पंचवीस स्लाइडचे असायचे. ते मी बोलता बोलता उघडायचो. "हा आपला घोडा बरं का!" असं म्हणत साहेब पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारायचे. पुढे कोर्स फुगत गेले. पट्ट्या मात्र त्याच दोन राहिल्या, आणि पंख्यावरची धूळ वर्षानुवर्षं कोणी पुसली नाही.

एक गोष्ट इथेच समजून घ्या, कारण सगळा घोळ तिच्यामुळेच झाला. माझ्याकडे दोन वेगळ्या जागा आहेत. डिस्क हे माझं कपाट. त्यात फायली नुसत्या ठेवलेल्या असतात. मेमरी हे माझं टेबल. काम करताना फाइल कपाटातून काढून या टेबलावर पसरावी लागते. कपाट रिकामं केल्याने टेबल मोठं होत नाही. एवढं तुम्हालाही कळलं ना? साहेबांना कळलं नाही.

गेल्या वर्षी बॉयलरचा कोर्स आला. ताईचे बाबा तीस वर्षं बॉयलरवर काम करून निवृत्त झालेले. त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा ताईने ठरवलं, कोर्समध्ये आवाज बाबांचाच. तिने कोठीच्या दाराला गादी लावून बाहेरचा गोंगाट अडवला आणि नऊ दिवसांत त्यांच्याकडून नऊ पाठ बोलून घेऊन माझ्या कपाटात ठेवले.

"पाणी पातळीच्या काचेत दिसेनासं झालं, तर आधी आग बंद," बाबा खरखरत सांगायचे. "घाबरून थंड पाणी सोडलंस तर मेलास, बाळा."

"बाबा, मेलास म्हणू नका. कोर्स आहे हा."

"मग काय म्हणू? तब्येत बिघडेल म्हणू?"

ताईला इतकं हसू आलं की तो भाग पुन्हा बोलावा लागला. दुसऱ्यांदाही ते मेलासच म्हणाले. तिने तसंच ठेवलं.

मग साहेबांनी हुकूम सोडला. "एकच फाइल करायची. गिऱ्हाइकासमोर मी एक बटण दाबणार आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं धावलं पाहिजे."

"साहेब, पाठागणिक फाइल करू या," ताई म्हणाली. "बाहेरून एकाला एक जोडता येतात. बटण एकच राहील."

"मला तुकडे नकोत, ताई."

वर त्यांनी मोठ्या कॅमेऱ्याने काढलेले शेकडो फोटो दिले आणि एकही लहान करायचा नाही, अशी तंबी दिली. पडद्यावर काडेपेटीएवढा दिसणारा फोटो माझ्या टेबलावर चादरीएवढा पसरतो. आठ पाठ झाले तोवर टेबलावर बोट ठेवायला जागा उरली नव्हती. ताई नववा पाठ आत घ्यायला लागली की मी 'मेमरी अपुरी आहे' असं सांगायचो आणि कोर्सचा प्रोग्राम बंद पडायचा. वाफ फार कोंडली की बॉयलरची झडप उघडते, असं बाबांनी पाचव्या पाठात सांगितलंय. त्या झडपेला कोणी शिव्या देत नाही. मला मात्र रोज मिळत होत्या.

ऑपरेशनच्या दिवशी ताई दवाखान्यात होती. माझा संदेश वाचून साहेब स्वतः माझ्यासमोर बसले. "अपुरी म्हणजे जागा नाही. करतो जागा," असं शिपायाला सांगत त्यांनी कपाट उपसायला घेतलं. 'बाबा, मूळ आवाज' नावाचा फोल्डर त्यांना दिसला. "हे कोर्समध्ये गेलंच असेल," ते म्हणाले.

मी विचारलं, 'नक्की पुसायचं?' त्यांनी न वाचता 'हो' दाबलं. कचरापेटी रिकामी करताना मी पुन्हा विचारलं. पुन्हा 'हो'. पुसलेलं काही काळ तरी खरवडून परत काढता येतं, पण त्यावर नवं लिहिलं गेलं की संपलं. आणि साहेबांनी लगेच, त्याच मोकळ्या जागेत, स्वतःच्या सत्काराची चित्रफीत आणून ठेवली. दोन तासांची!

ताई आली ती तीन दिवसांनी.

"साहेब, नवव्या पाठाचा आवाज कुठंय?"

"कोर्समध्ये नाही का?"

"नाही. तो आत घेतानाच तर बंद पडत होतं."

"मग बोलवा की वडिलांना परत. एका पाठाचं तर काम आहे."

ताई खुर्ची फिरवून त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "त्यांचा आवाज मंगळवारी गेला, साहेब."

साहेबांनी मान खाली घातली असेल, असं वाटतं ना तुम्हाला? ते केबिनमध्ये गेले, कागद आणला आणि माझ्या पाठीवर चिकटवला. "हा डबाच खराब आहे."

आता बाबांचे आठ पाठ फक्त त्या अवजड फायलीत उरले होते, आणि ती कधीही बिघडली असती. ताईने आधी तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवली. माझं झाकण उघडून पंखा पुसला. बाकी सगळे प्रोग्राम बंद केले. मग एकेक पाठ बाहेर काढला, नव्या नावाने साठवला, मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि पुढचा घेतला. फोटो आधी लहान केले. मी एकदाही अडखळलो नाही. मंद म्हणे!

दवाखान्यातून सुटल्यावर बाबा आले. गळ्याला पट्टी होती. त्यांनी माझ्या पाठीवरचा कागद वाचला, साहेबांच्या केबिनकडे पाहिलं आणि ताईच्या वहीत पेन्सिलीने लिहिलं, 'चुकीच्या पाठीवर लावलाय.' ताई हसली आणि मग रडली.

नववा पाठ बॉयलर बंद करण्याचा. बाप-लेक जुन्या बॉयलरपाशी जाऊन आले आणि त्या पाठात आता फक्त बाबांचे हात आहेत. इंधनाची झडप बंद करणारे. दाबाच्या काट्याकडे बोट दाखवणारे. खाली त्यांनी लिहिलेली एकेक ओळ. एका स्लाइडवर पुढे जायचं बटण मुद्दाम उशिरा उमटतं. तोवर पडद्यावर त्यांचा उघडा पंजा दिसत राहतो. थांब.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, माझ्या टेबलावर डोंगर रचू नका, हे तर मी सांगेनच. पण माझा राग त्यासाठी नाही. मी दोनदा विचारलं होतं. उद्या तुमच्या घरचा एखादा जुना डबा विचारेल, 'नक्की पुसायचं?' तेव्हा बटणावरचं बोट उचला आणि त्याचा प्रश्न शेवटपर्यंत वाचा. आमच्याकडे दाखवायला पंजा नसतो.