एल्रॉयने रेन्शॉ सौद्याला काढला

"ह्यात काहीतरी काळंबेरं आहे," असं म्हणत डुएनने लव्हॉनच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. "एल्रॉय आणि रेन्शॉ सोडतोय? अगं, तो माणूस एक वेळ घर विकेल, पण रेन्शॉ विकणार नाही!"

फोनवर दीडच ओळ होती. एल्रॉय झास्ट्रोने निरोप पाठवला होता: माझा रेन्शॉ घे, तुझा टिलरी दे. शुक्रवारच्या आत सांग.

काउंटीच्या बर्फ काढणाऱ्या गाड्यांच्या डेपोत लव्हॉन कुख्टा कारकून होती, डुएन मेकॅनिक आणि एल्रॉय सगळ्यात जुना ड्रायव्हर. विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यात हिवाळा लांब, करमणूक थोडी. म्हणून डेपोतल्या दहा जणांनी मिळून फँटसी फुटबॉलची लीग काढली होती. संघ लुटुपुटूचे, खेळाडू मात्र खरे. रविवारी खऱ्या मैदानावर तुमच्या खेळाडूने जो काही पराक्रम केला, त्याचे गुण तुमच्या संघाला. एकदा निवडलेला खेळाडू वर्षानुवर्षं तुमचा. तो निवृत्त होईपर्यंत, नाहीतर तुम्ही त्याचा सौदा करेपर्यंत. त्यामुळे ही मंडळी खेळाडू नुसते घेत नसत, पोसत.

पोसण्यात एल्रॉयचा हात धरणारा कुणी नव्हता. कुठल्या तरी आडगावच्या कॉलेजातून तो एखादं कोवळं पोर हुडकून काढायचा आणि विचारलं की म्हणायचा, "जरा पिकू दे." पोरं पिकायची, काही कुजायची, आणि एल्रॉय पुन्हा नवी आढी घालायला मोकळा! नांगराच्या पात्याचा तुकडा सोनेरी रंगवून केलेला लीगचा चषक त्याच्या घरी आजवर एकदाही गेला नव्हता. त्याचं त्याला काही वाटतही नसे.

कोल्बी रेन्शॉ हा त्याचा सगळ्यात लाडका. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. सगळा खेळ ज्याच्या हातावर चालतो तो. पण पोरगा दोनच सामने खेळलेला, बाकी वेळ बाकावर. निघाला तर सोनं, नाहीतर माती. आणि लव्हॉनचा टिलरी? धावण्यात आजचा राजा, पण गुडघे संपत आलेले. यंदाचं वर्ष त्याचं शेवटचं, हे शेंबडं पोरही सांगेल. लव्हॉनचा संघ तर यंदा चषकाच्या शर्यतीतून कधीच बाहेर पडला होता, म्हणजे तिच्या दृष्टीने सौदा फायद्याचाच. नेमकं हेच तिला खटकत होतं. एल्रॉयला यंदाच्या वर्षाची एवढी घाई कशाला?

"पोराच्या खांद्यात काहीतरी बिघाड असणार," डुएन म्हणाला. "म्हाताऱ्याला वास लागलाय. तुझ्या गळ्यात बांधतोय बघ."

"एल्रॉय तसा नाही रे."

"फुटबॉलमध्ये सगळेच तसे असतात बाई!"

झालं. लव्हॉनच्या डोक्यात किडा शिरला. जेवणाच्या सुट्टीत सँडविच एका हातात धरून ती रेन्शॉच्या चित्रफिती बघत बसली. खांदा फिरवताना तोंड वाकडं करतो का? नाही. लंगडतो का? नाही. दारू, मारामारी, पोलीस? काहीच नाही. पोरगा दर रविवारी आजीला चर्चला नेतो म्हणे! आता ह्यात खोट काढायची तरी कुठे?

शेवटी गुरुवारी कामावरून सुटल्यावर ती बटाटा-चीजचं भांडं घेऊन सरळ एल्रॉयच्या घरी गेली. तोंडावर विचारावं, म्हणजे तोंड बघता येतं.

अंगणात गाडी लावली आणि ती थबकली. शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायचा होता. आठ-आठ दिवस आधीपासून एल्रॉयचे शिकारीचे नारिंगी कपडे दोरीवर वाऱ्यात लटकत, त्यांना माणसाचा वास राहू नये म्हणून. सगळ्या गावात असे कपडे लटकत होते. एल्रॉयची दोरी मोकळी होती.

स्वयंपाकघरात त्याची बायको अर्लिस सफरचंदं चिरत होती. एल्रॉय टेबलाशी कॉफी घेऊन बसला होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली लव्हॉनला आत्ता पहिल्यांदा दिसली.

"कपडे नाही टाकलेस बाहेर?" तिने विचारलं.

"यंदा पुतण्या जाईल."

"आणि तू?"

अर्लिसची सुरी थांबली. "सांगून टाक रे तिला," ती म्हणाली. "किती दिवस झाकणार?"

"स्वादुपिंड," एल्रॉय म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, वसंत बघशील. उन्हाळ्याचं काही बोलत नाही."

लव्हॉनने खुर्ची ओढली आणि ती बसली. इतके दिवस ती त्या पोरात खोट शोधत होती. पोरगा धडधाकट होता. तिला रडू आलं आणि ते तिने आवरलंही नाही.

"टिलरी घे," ती म्हणाली. "असाच घे. मला नको तो रेन्शॉ-बिन्शॉ."

एल्रॉयने कप आपटला. "मी भीक मागितली का तुझ्याकडे? सौदा मागितला! एकदा तो सोनेरी तुकडा भिंतीवर लावायचाय मला, पण जिंकून. डेपोत एकालाही कळता कामा नये, नाहीतर सगळे हरायला लागतील माझ्याशी. पोरगा पसंत आहे की नाही, तेवढं बोल."

पसंत होता. पण हो म्हणायचं, म्हणजे रेन्शॉ पिकेल तेव्हा एल्रॉय नसेल हे कबूल करायचं. आणि नाही म्हणायचं, म्हणजे म्हाताऱ्याची एकच हौस मोडायची. आजवर तिने ह्या माणसाला घासाघीस केल्याशिवाय राखीव खेळाडूसुद्धा दिला नव्हता. तिने नाक पुसलं.

"पोरगा कच्चा आहे," ती म्हणाली. "दोन सामन्यांच्या भांडवलावर मी टिलरी द्यायचा? वर काहीतरी टाक."

"काय टाकू?"

"पुढच्या ऑगस्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे ना, त्यातली तुझी पहिली निवड मला."

"लव्हॉन!" अर्लिस ओरडली. "अगं, लाज नाही वाटत?"

एल्रॉय लव्हॉनकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर रंग चढला.

"पहिली?" तो गरजला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पहिली मी माझ्या बापाला देणार नाही! तिसरी घे."

"तिसरी डुएनला दे. पहिली."

"दुसरी. आणि तीही मनावर दगड ठेवून देतोय."

"चिकट आहेस."

"तू दरोडेखोर आहेस!"

शेवटी दुसरीवर ठरलं. लव्हॉनने आपल्या फोनवर बोट टेकवून सौदा मान्य केला आणि टेबलावर एल्रॉयचा फोन वाजला. अर्लिस तिघांना कॉफी ओतू लागली.

"पहिली वाचवली," एल्रॉय बायकोला म्हणाला. "एक पोरगा आहे माझ्या डोळ्यासमोर. अजून कुणाचं लक्ष नाही त्याच्याकडे."

"कुठला रे?" लव्हॉनने विचारलं. "नाव काय त्याचं?"

"तुला बरा सांगेन!" एल्रॉय म्हणाला, आणि तिला दिसू नये असा फोन छातीशी धरून त्या पोराचा खेळ बघू लागला.